मेळघाटची अरण्यवाट : शिकारीच्या परवान्यापासून सफारीच्या नोंदणीपर्यंत

वऱ्हाडची जुनी भौगोलिक वाटणी तीन भागांत केली जाई : दक्षिणेकडील अजिंठ्याच्या डोंगरपठाराचा बालाघाट, मधल्या पूर्णा खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीचा पयानघाट आणि उत्तरेकडे सातपुड्याच्या गाविलगड रांगेत पसरलेला, एकमेकांत मिसळणाऱ्या घाटांचा मेळघाट. या मेळघाटच्या दक्षिण कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा आज थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखले जात असले, तरी त्याच्या इतिहासाचा मोठा भाग तेथून खाली उतरणाऱ्या जंगलवाटांचा इतिहास आहे. वन्यप्राणी पाहण्यासाठी वाहनातून केलेली फेरी या अर्थाने पूर्व आफ्रिकेतून आलेला ‘सफारी’ हा शब्द आता मराठीत रूढ झाला आहे. परंतु रानात कधी जावे, कोणत्या पाणवठ्याजवळ मुक्काम करावा, कोणाची परवानगी घ्यावी आणि कोणाला सोबत न्यावे, याची आखणी करण्याची प्रथा मेळघाटात हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. गेल्या दोनशे वर्षांत या आखणीचा हेतू बदलला, ती करणारे बदलले, बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. ज्याच्या ज्ञानावर ती उभी राहिली तो कोरकू वाटाड्या मात्र सर्व कालखंडांत कायम राहिला, आणि लेखी नोंदींत सर्वांत कमी जागा त्याच्याच वाट्याला आली.

कोरकू ही मेळघाटातील प्रमुख आदिवासी जमात असून तिची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे छोटा नागपूरकडील संथाळी व मुंडारी यांच्या नात्यातील आहे. या भाषाकुळाची सर्वांत पश्चिमेकडील शाखा म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिच्याकडे पाहतात. कोरकू भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात. गावाच्या वेशीजवळ मुठवा या ग्रामदेवाचा दगड असतो आणि गावदेवांची पूजा भूमका नावाचा पुजारी करतो. रानात शिरताना देवाला विचारणे, अमुक ओढा अमुक दिवसांत टाळणे, मोहफुले वेचायला भल्या पहाटे एकट्याने न जाणे, या सर्व गोष्टी येथे वाघाच्या शेजारात राहण्याच्या रीतीचा भाग होत्या. गवळी समाजाचे कळप, मैदानातून सागवान आणि बांबू नेणारे गाडीवान, तसेच श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या गुहेतील महादेवाला जाणारे अकोट परिसरातील यात्रेकरू हेही या रानाचे जुने पाहुणे होत. ऐन पावसात, ओढे ओलांडीत केलेली धारगडची यात्रा ही मेळघाटातील सामूहिक अरण्यप्रवासाची जुनी परंपरा आहे, आणि व्याघ्रप्रकल्पाच्या काळातही ती वनखात्याच्या बंदोबस्तात चालू राहिली आहे, ही गोष्ट पर्यटनाचा विचार करताना सहसा विसरली जाते.

मैदानातून या पठारावर चढण्याचे लेखी तपशील हाती येतात ते मुख्यतः लष्करी कारणांमुळे. गाविलगडचा किल्ला १४२५ च्या सुमारास अहमदशाह वली बहामनी याने बांधला किंवा दुरुस्त केला, असे इतिहासकार फिरिश्ताच्या तवारिखीवरून मानले जाते. अकोला जिल्ह्याच्या बाजूला नरनाळा किल्ल्याने याच डोंगररांगेची दुसरी वाट राखली. १८०३ मध्ये दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली याने गाविलगडला वेढा घातला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा सुमारे तीस मैलांच्या डोंगर-दऱ्यांतून, जागोजाग रस्ता तयार करीत आणि मनुष्यबळाने ओढीत, किल्ल्याच्या उत्तरेला लाबाड्यापर्यंत नेल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. या मोहिमेमुळे मेळघाटातील चढ, पाणी आणि वाटा यांची माहिती इंग्रजांच्या दप्तरात प्रथमच तपशिलाने पोचली असावी, आणि पुढे याच माहितीचा उपयोग युद्धाऐवजी विश्रांतीसाठी व शिकारीसाठी झाला.

हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचे पठार थंड हवेच्या दृष्टीने हेरले, असे सांगितले जाते. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, आणि त्याला लागून असलेली परतवाड्याची छावणी येथील गोऱ्या अधिकाऱ्यांना उन्हाळा असह्य होई. म्हणून पठारावर बंगले उभे राहिले, बागा लागल्या आणि कॉफीची लागवडही झाली, जिचे अवशेष आजही तेथे आहेत. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिले आणि ‘हैदराबादकडून सोपविलेले जिल्हे’ या नावाने हा मुलूख ओळखला जाऊ लागला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला व लवकरच मध्य प्रांताला जोडला गेला. आल्फ्रेड लायल याने १८७० मध्ये संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांची सरकारी माहितीची जंत्री, आणि १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेले जेम्स फोर्सिथ याचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक यांनी सातपुड्याचे रान इंग्रजी वाचकांसमोर मांडले. शेजारच्या निमाड जिल्ह्यात अधिकारी असलेल्या फोर्सिथच्या पुस्तकात जंगलमोजणी, आदिवासींचे वर्णन आणि शिकार या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्या काळच्या अधिकाऱ्याच्या मनातही त्या वेगळ्या नव्हत्या.

याच काळात मेळघाटच्या सागवनावर सरकारची नजर स्थिरावली. रेल्वेला लाकूड हवे होते. भुसावळहून वऱ्हाडमार्गे नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला होता. जंगल राखीव करण्यात आले, म्हणजे त्यातील तोड, चराई आणि शेती यांवर सरकारचे नियंत्रण आले. झाडे जाळून त्या राखेत पेरणी करण्याच्या कोरकूंच्या फिरत्या शेतीवर बंधने घातली गेली. कामासाठी माणसे हाताशी असावीत म्हणून राखीव जंगलात ‘वनगावे’ वसविण्यात आली, जेथे शेतीपुरती जमीन देऊन त्या बदल्यात वनखात्याच्या कामावर येण्याची अट असे. अधिकाऱ्यांच्या दौऱ्यासाठी घोड्यावरून एका दिवसात गाठता येईल अशा अंतराने विश्रामगृहे बांधली गेली. सिपना नदीच्या वळणावरचे कोलकास, तसेच सेमाडोह, ढाकणा, तारुबांदा, रायपूर, बेलकुंड, कोकटू ही नावे आजच्या पर्यटकाला परिचित आहेत ती या साखळीमुळे. वनगाव आणि विश्रामगृह या दोन संस्था शेजारी शेजारी वाढल्या, हे लक्षात घेतल्याशिवाय मेळघाटातील शिकारीची व्यवस्था समजत नाही. एकीने मुक्काम पुरविला आणि दुसरीने माणसे.

शिकारीची आखणी ऋतूपासून सुरू होई. गाविलगड रांगेतून उतरणाऱ्या खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या अखेर तापीला मिळतात. पावसाळ्यात त्या दुथडी भरतात आणि होळीनंतर त्यांचे प्रवाह तुटून पाणी खोल डोहांपुरते उरते. साग पानगळीचा वृक्ष असल्याने मार्च-एप्रिलमध्ये रान उघडे पडते, गवत वाळते किंवा जळते, आणि सांबर, गवा, रानडुक्कर यांच्यासह वाघही उरलेल्या पाण्याच्या आसपास राहतो. हिवाळा हा जिल्हा अधिकाऱ्याच्या सरकारी दौऱ्याचा काळ असे, परंतु वाघाच्या शिकारीसाठी मार्च ते जून हेच महिने पसंत केले जात. चिखलदऱ्यावर येऊन राहण्याचा हंगामही नेमका हाच होता. त्यामुळे कुटुंब वर थंडाव्यात आणि साहेब खाली सिपनेच्या काठी, अशी उन्हाळी रजेची वाटणी येथे सोयीची ठरत असणार, आणि चिखलदरा हे मेळघाटच्या शिकारीचे स्वाभाविक ठाणे बनण्याचे कारण या दोन हंगामांच्या जुळणीत शोधावे लागते.

ऋतूनंतर येई परवाना. मध्य प्रांत व वऱ्हाडात राखीव जंगलाची ‘शिकार ब्लॉक’ नावाच्या गटांत विभागणी केलेली असे. प्रत्येक ब्लॉक ठरावीक मुदतीसाठी एका परवानाधारकाला मिळे, आणि कोणते जनावर किती संख्येने मारता येईल हे परवान्यावर नमूद असे. काही ब्लॉक विश्रांतीसाठी बंद ठेवले जात. यामागचा हेतू जनावरे पुढील हंगामातही उपलब्ध राहावीत हा होता, आणि त्या मर्यादेत तो संरक्षणाचा विचारही होता. परंतु ज्याच्या शेताला लागून हे ब्लॉक होते त्या कोरकूला स्वतःच्या रानात ससा मारणेही गुन्हा ठरत असताना बाहेरून आलेल्याला पैसे भरून वाघ मारता येत होता, ही विषमता त्या नियमांच्या मुळाशीच होती. तिच्याकडे ‘खेळाचे नियम’ म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही.

परवाना हाती आला की सामानाची जुळवाजुळव होई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली. वऱ्हाडात ती पुढे ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध झाली. ती मुख्यतः कापसासाठी होती, तरी तिच्यामुळे मुंबई किंवा नागपूरकडून येणारा पाहुणा मेळघाटच्या पायथ्यापर्यंत आगगाडीने पोचू लागला. पुढे परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहकडे किंवा घाटाने चिखलदऱ्याकडे बैलगाड्या निघत. तंबू, खाटा, कंदील, शिधा, औषधे आणि दारूगोळा एवढे सारे गाड्यांत भरले जाई. दूध, कोंबड्या, वैरण आणि जळण ही रसद वाटेतील गावांनी पुरवायची असे. या रसदीचे आणि ओझी वाहण्याचे दाम नियमाने ठरलेले असले, तरी ब्रिटिश अमदानीत ठिकठिकाणी त्याला वेठबिगारीचे, म्हणजे नाममात्र मोबदल्यात किंवा फुकट करून घेतलेल्या सक्तीच्या कामाचे, स्वरूप येत असे, आणि वनगावातील माणसाला नकार देण्याची सोय सर्वांत कमी होती.

यापुढचे सर्व काम कोरकू वाटाड्याचे होते. वाघ कोणत्या नाल्याने उतरतो, कोणत्या खिंडीतून परततो आणि दुपारी कोणत्या जांभळी-करंजीच्या सावलीत पडतो हे त्याला ठसे, विष्ठा, झाडावरील ओरखडे आणि माकडांच्या व सांबरांच्या इशाऱ्याच्या आवाजांवरून कळे. त्याच्या सांगण्यावरून संध्याकाळी नाल्याच्या वळणावर बोदा, म्हणजे आमिष म्हणून म्हशीचे नर वासरू, बांधले जाई. पहाटे जाऊन पाहायचे. बोदा मारलेला असला तर ओढत नेल्याच्या खुणेवरून वाघ फार लांब न जाता दडून बसला आहे की काय याचा अंदाज घ्यायचा. आणि मग हाका करायचा की मचाणावर बसायचे हे ठरवायचे. हाका म्हणजे अर्धवर्तुळात उभ्या केलेल्या माणसांनी ढोल, डबे आणि आरोळ्यांच्या आवाजाने जनावराला शिकाऱ्याच्या दिशेने पुढे सरकविणे. दोन्ही बाजूंना झाडांवर ‘रोक’ म्हणून माणसे बसविलेली असत. वाघ बाजूला वळू लागला की ती काठीने फांदीवर हलकेच टकटक करीत, कारण मोठा आवाज केला तर वाघ बिथरून हाकेकऱ्यांवर उलटण्याचा धोका असे. जखमी वाघाचा माग काढण्याचे सर्वांत जोखमीचे कामही बहुधा याच माणसांच्या साहाय्याने होई. शिकाऱ्याच्या आठवणींत बंदुकीचा प्रकार, गोळीचे वजन आणि वाघाची लांबी इंचापर्यंत येते. ज्याने वाघ दाखविला तो पुष्कळदा ‘माझा कोरकू’ एवढ्या उल्लेखात संपतो. ए. ए. डनबार ब्रँडर या मध्य प्रांतातील वनाधिकाऱ्याचे १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक मध्य भारतातील वन्यप्राण्यांच्या सवयींविषयी आजही मोलाचे मानले जाते, आणि शिकाऱ्याच्या बंदुकीतून अभ्यासकाच्या निरीक्षणाकडे होणारी वाटचाल त्यात दिसते. परंतु अशा ग्रंथांतील निरीक्षणांत वाटाड्यांचा वाटा किती होता, याचा हिशेब कोणीही ठेवला नाही.

मचाण हा या साऱ्या आखणीतला सर्वांत दीर्घायुषी घटक ठरला. झाडावर खाट किंवा बांबूचा माळा बांधून, पाल्याने झाकून, जनावराच्या वासाच्या व नजरेच्या टप्प्याबाहेर बसण्याची ही युक्ती मुळात पीक राखणाऱ्या शेतकऱ्याची. शिकाऱ्याने ती उचलली आणि नंतर छायाचित्रकारानेही. उत्तर भारतात एफ. डब्ल्यू. चँपियन याने जनावराच्या पायाने ओढल्या जाणाऱ्या तारेवर चालणारा कॅमेरा वापरून वाघांची छायाचित्रे घेतली आणि १९२७ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आफ्रिकेत त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यानांची कल्पना रुजत होती. दक्षिण आफ्रिकेत १९२६ मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे मोटारीने येणाऱ्या प्रवाशांना प्रवेश मिळाला. केनियात १९३२ मध्ये एका मोठ्या झाडावर, पाणवठ्यासमोर, ‘ट्रीटॉप्स’ नावाचे निवासस्थान उभारले गेले. १९४७ मध्ये भारत सोडून केनियात स्थायिक झालेले जिम कॉर्बेट हे फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तेथे राहिल्या तेव्हा सोबत होते. मचाणावर रात्री जागून काढलेला भारतातला हा शिकारी अखेरीस आफ्रिकेतील पाणवठ्यावर पाहुण्यांना हत्ती व गेंडे दाखविण्याच्या कामी आला. आफ्रिकेतील गवताळ मैदानात एका नजरेत शेकडो प्राणी दिसतात आणि म्हणून तेथील सफारी वाहनाभोवती रचली गेली. सातपुड्यासारख्या डोंगराळ सागवनात नजर पन्नास पावलांवर अडते, म्हणून येथे थांबणे हेच पाहण्याचे मुख्य साधन राहिले. हा भेद ध्यानात न घेता आफ्रिकेचा नमुना जसाच्या तसा येथे आणला गेला, यात मेळघाटच्या पर्यटनाविषयीच्या अनेक गैरसमजांचे मूळ आहे.

स्वातंत्र्यानंतर शिकार थांबली नाही. उलट तिला परकीय चलन मिळविण्याच्या व्यवसायाचे रूप आले. मध्य भारतातील जंगलांत परदेशी शिकाऱ्यांसाठी सहली आखणाऱ्या कंपन्या निघाल्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी स्थापन केलेली ‘अ‍ॅल्विन कूपर’ ही त्यांपैकी एक. ब्लॉक, परवाना, बोदा, मचाण आणि हाका ही जुनीच यंत्रणा आता जीपगाड्यांसह आणि डॉलरच्या दराने चालू लागली. दुसऱ्या बाजूला १९५५ च्या मध्य प्रदेश राष्ट्रीय उद्यान कायद्याच्या आधारे त्याच वर्षी कान्हा आणि ताडोबा ही उद्याने जाहीर झाली होती, आणि मेळघाटातही ढाकणा-कोलकास या नावाने अभयारण्य अस्तित्वात आले. १९६९ मध्ये दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या अधिवेशनाने वाघाच्या घटत्या संख्येकडे जगाचे लक्ष वेधले, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षी पावलांच्या ठशांवरून केलेल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले. मेळघाटच्या नावावर त्यांपैकी २७ होते.

१ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून एकट्या मेळघाटची निवड झाली; १९७४ मध्ये त्याची रीतसर घोषणा झाली. पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यान, मेळघाट अभयारण्य आणि वान, अंबाबरवा व नरनाळा ही अभयारण्ये मिळून अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेले, गाभा व बाह्य क्षेत्र धरून सुमारे २,७६८ चौरस किलोमीटरचे हे संरक्षित अरण्य तयार झाले. शिकारीच्या ब्लॉकची जागा ‘बीट’ या संरक्षणाच्या घटकाने घेतली, आणि हाक्यात ढोल वाजविणाऱ्यांची मुले वनमजूर व वनरक्षक म्हणून गस्त घालू लागली. पावलांच्या ठशांची गणना २००५ पर्यंत चालली. राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पातील वाघ नाहीसे झाल्याचे उघड झाल्यावर ती पद्धत सोडून स्वयंचलित कॅमेऱ्यांनी पट्ट्यांचे नमुने टिपण्याची पद्धत आली. काचेवर व कागदावर ठसा गिरविण्यात तरबेज झालेल्या माणसांचे कौशल्य त्याबरोबर मागे पडले, हे विज्ञानाच्या दृष्टीने योग्य असले तरी त्या कौशल्याचा इतिहास लिहून ठेवायला हवा होता.

शिकारीनंतरच्या अरण्यभेटीला मराठी वाचकाच्या मनात प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे. मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचे उपसंचालक म्हणून १९९० मध्ये निवृत्त झालेल्या या वनाधिकाऱ्याने पक्षी, झाडे आणि वनवासी माणसे यांच्याविषयी विपुल लिहिले; २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ मध्ये पद्मश्री असा सन्मान त्यांना मिळाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. आदिवासींच्या रानज्ञानाला त्यांनी माहितीचा उगम म्हणून मान दिला, ही त्यांच्या लेखनाची मोठी कामगिरी होय. याच पिढीत वैशाख पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसून प्राणी मोजण्याची प्रथा वनखात्याबाहेरच्या निसर्गप्रेमींपर्यंत पोचली. उन्हाळ्यामुळे पाणवठे मोजके उरलेले असतात आणि बुद्धपौर्णिमेचे चांदणे रात्रभर पुरते, या दोन कारणांनी ही तिथी ठरली. अमरावती, अकोला, नागपूर, पुणे येथून आलेली माणसे शिधा-पाणी घेऊन, एका वनमजुराच्या सोबतीने, दिवसरात्र शांत बसून नोंदी करीत. कॅमेऱ्याने होणाऱ्या गणनेपुढे या आकड्यांना शास्त्रीय महत्त्व उरले नाही, तेव्हा खात्याने तिला ‘निसर्गानुभव’ असे नाव देऊन ती चालू ठेवली, आणि हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे, कारण मेळघाटच्या भूप्रकृतीला साजेशी अरण्यभेट कोणती असे विचारले तर उत्तर मचाणाकडेच जाते.

या काळाची दुसरी बाजू दुःखद आहे. १९९० च्या दशकात मेळघाटचे नाव वर्तमानपत्रांत वाघांइतकेच बालकांच्या कुपोषणाने आणि मृत्यूंनी गाजले. २००१ नंतर बोरी, कोहा आणि कुंड या गाभ्यातील गावांचे अकोट तालुक्यात पुनर्वसन झाले. २००८ मध्ये केंद्राने प्रत्येक कुटुंबास दहा लाख रुपयांची योजना आणल्यावर वैराट, चुर्णी, पस्तलाई, अमोना, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी आणखी गावे हलली. मोकळ्या झालेल्या गावठाणांवर कुरणे उभी राहिली, तृणभक्षक वाढले आणि वाघही. चिखलदऱ्याजवळच्या वैराटच्या पठारावर आज सफारीची वाहने जातात ती याच कुरणांतून. स्थलांतरित कुटुंबांपैकी काहींनी जमीन आणि पाणी मिळाले नाही म्हणून २०१९ च्या जानेवारीत परत जंगलात जाण्याचा प्रयत्न केला आणि तेथे संघर्ष झाला. जी कुरणे पाहून प्रवासी हरखतो ती कोणाच्या तरी सोडलेल्या अंगणांतून उगवलेली आहेत, ही जाणीव मेळघाटच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर असायला हवी.

जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘संकटग्रस्त व्याघ्र अधिवासा’तील, पर्यटन अंतरिम आदेशाने थांबविले; ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्यावर ते गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागापुरते पुन्हा सुरू झाले. आजच्या आखणीची चौकट ही आहे : सेमाडोह, हरिसाल, चिखलदरा किंवा अकोल्याकडून शहानूर यांपैकी प्रवेशद्वार निवडायचे, संगणकावरून आधी नोंदणी करायची, ओळखपत्र दाखवायचे, नोंदणीकृत जिप्सी व मार्गदर्शक घ्यायचा आणि सकाळ किंवा दुपारच्या फेरीत वाहनातून न उतरता परतायचे. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील फेऱ्या बंद असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत धुके आणि धबधबे पाहण्यासाठी चिखलदऱ्यावर सर्वाधिक गर्दी होते. शिकारीच्या काळात जुळलेले हे दोन हंगाम आता असे फाकले आहेत, आणि जुलैत चिखलदऱ्याला आलेला प्रवासी वाघ न पाहता परतल्याबद्दल जंगलाला दोष देतो तेव्हा चूक पंचांगाची असते. ज्या मराठी कुटुंबांना केनियाची सफर परवडते ती रानगव्यासारख्या दिसणाऱ्या विल्डबीस्टच्या स्थलांतरासाठी जुलै-ऑक्टोबरचे महिने काटेकोरपणे निवडतात. मार्च ते मे हा मेळघाटचा काळ तेवढ्याच गांभीर्याने निवडला गेला पाहिजे.

वाघ दिसण्याची खात्री मात्र त्या काळातही देता येत नाही. मेळघाटचे क्षेत्र मोठे, डोंगराळ आणि दाट असून वाघांची घनता ताडोबापेक्षा बरीच कमी आहे. दोन फेऱ्यांत वाघ पाहण्याचा हिशेब घेऊन येणाऱ्याने ताडोबा निवडणे अधिक शहाणपणाचे. मेळघाटचे वैभव वेगळे आहे : गव्यांचे कळप, अस्वल, रानकुत्री, शेकरू आणि रानपिंगळा. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाच्याही नजरेस न आल्याने नष्ट झाला असे मानलेला हा छोटा घुबडवर्गीय पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना पुन्हा आढळला आणि त्यानंतरच्या शोधात मेळघाट हे त्याचे एक महत्त्वाचे निवासस्थान ठरले. दिवसा फिरणारा हा पक्षी कोणत्या वठलेल्या सागाच्या ढोलीत आहे, हे दूरच्या शहरातून आलेल्या पक्षिनिरीक्षकाला आजही दाखवितो तो बहुधा गावातला तरुणच.

हा तरुण आता नोंदणीकृत मार्गदर्शक आहे, त्याला ठरलेली फी मिळते आणि त्याचे नाव प्रवेशद्वारावरील वहीत लिहिले जाते. शिकारीच्या काळाशी तुलना करता हा बदल लहान नाही. त्याच्या आजोबांच्या पिढीची नोंद मात्र अजून व्हायची आहे. १९७० पूर्वी हाक्यात चाललेली, बोदा बांधलेली, ब्लॉकमधले डोह पाठ असलेली माणसे चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील गावांत थोडीच उरली असून ती आता वृद्ध झाली आहेत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने, वनखात्याने आणि कोरकू जाणणाऱ्या अभ्यासकांनी त्यांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत, नावागावासह, येत्या दोन-चार वर्षांत ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. आणि मेळघाटात जाऊन आल्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मार्गदर्शकाचे नाव, त्याची संमती घेऊन, लेखात पूर्ण लिहावे.